कामावर गेलेत

भाग्यश्री सुतारने त्या कागदावर सही केली तेव्हा तिला कुणी धमकावलं नव्हतं, आमिष दाखवलं नव्हतं, बदलीची भीतीही घातली नव्हती. पुढे चौकशी समितीने तिला वेगवेगळ्या शब्दांत तीनदा हेच विचारलं आणि तिन्ही वेळा तिने नाही असंच उत्तर दिलं. कुणी धमकावलं असतं तर निदान सांगायला काहीतरी असतं, असं तिला तेव्हा वाटून गेलं.

गोष्ट २०४१ सालच्या फेब्रुवारीतली. भाग्यश्री पुण्यात राज्य श्रमगणना मंडळात मुख्य गणक होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लाकडी पॅटर्न बनवणाऱ्या सुताराची ती मुलगी. फौंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी वाळूचा साचा लागतो, आणि वाळूत तो आकार उमटवायला लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो. तोच पॅटर्न. वडील लवकर गेले. थोरला भाऊ आनंदा दहावी होताच वडिलांच्या जागेवर उभा राहिला आणि त्याने बहिणीला संख्याशास्त्रात एम.एस्सी.पर्यंत शिकवलं. ती बेचाळीसची झाली तरी तो तिला भागे म्हणूनच हाक मारायचा.

मंडळाचा सगळा कारभार ‘श्रममान’ नावाच्या यंत्रणेवर चाले. पूर्वी बेकारीचा आकडा माणसं दारोदार फिरून गोळा करत. तो तयार होईपर्यंत सहा महिने उलटून जात, आणि एखादा आकडा वरच्यांना आवडला नाही तर तो कपाटातच राही. श्रममान आलं ते या दोन्हींवर उपाय म्हणून. ते तीन गोष्टी वाचायचं. मोबाइल टॉवरांना मिळणारे फोनचे संकेत, विजेच्या मीटरांची दर पंधरा मिनिटांची नोंद, आणि या फोनवाल्याला या महिन्यात पगार झाला की नाही एवढीच बँकेकडून येणारी खूण. नावं कुठेच नसत. प्रत्येक फोनला दोन वर्षांपुरता एक क्रमांक, बस. यंत्राला काम दिसत नव्हतं, कामाचा माग दिसत होता. डॉक्टर हृदय उघडून बघत नाही, कागदावरच्या रेषेवरून हृदयाविषयी बोलतो, त्यातलाच हा प्रकार.

ही रेषा वाचायला यंत्राला शिकवत ती चाळीस हजार घरं. दर तिमाहीला मंडळाचे तपासनीस तेवढ्या घरांची दारं वाजवून विचारत, घरात कोण कोण कामाला जातं? त्यातल्या ज्यांनी लेखी संमती दिलेली असे त्यांची उत्तरं त्यांच्या मागाशी जोडली जात आणि यंत्र शिकत जाई. मग महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सकाळी दहा वाजता प्रत्येक जिल्ह्याचा दर आपोआप जाहीर होई. लोक पावसाचा अंदाज बघावा तसा तो फोनवर बघत. बघायला कारणही होतं. नागरी काम हमी कायद्याप्रमाणे एखाद्या जिल्ह्याचा दर सलग तीन महिने आठ टक्क्यांच्या वर राहिला, की महिन्याभरात तिथे सरकारला सार्वजनिक कामं काढावीच लागत.

त्या फेब्रुवारीत यंत्राने आपणहून एक नवा गट वेगळा काढून दाखवला. त्याला क-७ असा क्रमांक पडला. या गटातली माणसं सकाळी सव्वाआठला घरातून निघत, आठ-नऊ तास एका जागी थांबत आणि सहाच्या सुमाराला घरी परतत. कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला घरीच राहत. माग अगदी कामगाराचा. पण वर्षभरापूर्वी जो फोन एखाद्या वर्कशॉपमध्ये दिवस काढत होता, तो आता बागेत, वाचनालयात नाहीतर बसस्थानकावर दिवस काढत होता. तो तिथे आल्याने कुठलं यंत्र सुरू होत नव्हतं, विजेचा मीटर हलत नव्हता. पगाराची खूण बंद झालेली. ही माणसं बेकार आहेत याची यंत्राला एक्क्याण्णव टक्के खात्री होती.

घरी विचारलं की मात्र उत्तर यायचं, “कामावर गेलेत.”

भाग्यश्रीने पहिल्यांदा तो तक्ता बघितला तेव्हा तिला यंत्राची चूक वाटली. दोन दिवस ती मागांचे नकाशे उलगडत बसली. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की यंत्र बरोबर आहे आणि घरचे लोकही खोटं बोलत नाहीत. घरच्यांना माहीतच नाही.

मंडळाचे सदस्य-सचिव खानविलकर यांच्या खोलीत ती तक्ता घेऊन गेली. श्रममान उभं केलं ते खानविलकरांनीच. भाग्यश्रीला नोकरीत घेतलं तेही त्यांनी. आवाज चढवताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं.

“किती आहेत?” त्यांनी विचारलं.

“राज्यात तीन लाख ऐंशी हजार. धरले तर अकरा जिल्हे आठच्या वर जातात, सर. कोल्हापूर नऊ पॉइंट चार. आणि हा सलग तिसरा महिना आहे.”

“आणि यांना बाजूला ठेवलं तर?”

“कोल्हापूर सात पॉइंट एक.”

खानविलकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “घरचे काय म्हणतात?”

“कामावर गेलेत, म्हणतात.”

“मग त्यांना बेकार म्हणणारे आपण कोण? बाई दारात उभी राहून सांगतेय की नवरा कामावर गेलाय. आणि तुम्ही पुण्यात बसून म्हणणार, नाही बाई, तो बेकार आहे?”

“नियम चौदा, सर. घरचं उत्तर आणि माग जुळले नाहीत आणि यंत्राची खात्री नव्वदच्या वर असली, तर माग धरायचा. तुम्हीच लिहिलाय.”

“मीच लिहिलाय. म्हणून तो कुठे लंगडा पडतो तेही मलाच ठाऊक.”

भाग्यश्रीने विचारलं, “वरून काही निरोप आहे का?”

“कुणीही काही म्हणालेलं नाही,” ते म्हणाले, आणि ते खरं होतं. “एप्रिलमध्ये निवडणुका आहेत हे मला कुणी येऊन सांगावं लागत नाही. हे बघा सुतारबाई, आपण आकडा खोटा करत नाही आहोत. शंका फिटेपर्यंत एक वर्ग या रकान्यातून त्या रकान्यात ठेवतोय. तुम्ही प्रत्यक्ष पडताळणी करा, कोल्हापूरपासून सुरुवात करा. यंत्र बरोबर निघालं तर दुरुस्ती करू.”

“मग पडताळणी होईपर्यंत जाहीर करणं थांबवू.”

“गुरुवारचा आकडा गुरुवारीच. दहा वर्षांत एकदा चुकलेला नाही.” त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. “नियम शिथिल करायला मुख्य गणकाची सही लागते. मी आग्रह करत नाही. तुम्ही समजूतदार आहात.”

हा शब्द त्या खोलीत भाग्यश्रीने खूपदा ऐकला होता. तिच्या आधीचे मुख्य गणक हेकट म्हणून ओळखले जात आणि त्यांचं जेवण ते एकटेच जेवत. तिने कागद दोनदा वाचला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तिने सही केली, आणि उठताना “थँक यू, सर” असंही म्हणाली. हे थँक यू पुढे कितीतरी दिवस तिला आठवत राहिलं.

गुरुवारी आकडे जाहीर झाले. बाराच्या सुमाराला कोल्हापूरहून आनंदाचा फोन आला.

“भागे, तुमच्या मंडळाचं दाखवालेत बातम्यांत. तुझं नावबी घेतलं.”

“जेवलास का दादा?”

“आता बसतोय डबा घेऊन.” थोडं थांबून तो म्हणाला, “सात पॉइंट एक म्हंजे बरं हाय न्हवं? लोकांस्नी काम हाय म्हणायचं.”

“आहे की, दादा.”

“बरं झालं,” तो म्हणाला. पुढे बोलला नाही. फोन कट झाला असं वाटून तिने ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात ती पडताळणीला कोल्हापूरला गेली. सरकारी काम होतं म्हणून विश्रामगृहावर उतरली, घरी कळवलं नाही. काम संपल्यावर एकदम जाऊन वहिनीला चकित करायचा तिचा विचार होता. तिच्या सोबतीला मंडळाचे तिथले तपासनीस मुजावर होते. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, तीस वर्षं दारं वाजवून वाजवून उजव्या हाताची बोटं जाड झालेली.

“ह्या लोकांस्नी मी ओळखतो, मॅडम,” मुजावर म्हणाले. “घरात विचारलं की बायको सांगत्या, फौंड्रीत हाय. मी लिहून घेतो. आणि दुपारी तोच गडी मला रंकाळ्यावर बसल्याला दिसतो. मी बघून न बघितल्यासारखं करतो.”

“तुम्ही कधी कळवलं नाहीत?”

“फॉर्मवर रकाना न्हाई त्याला.”

कोल्हापूरच्या फौंड्र्यांमध्ये तीन वर्षांत नवी यंत्रं आली होती. ती संगणकावरच्या चित्रावरून थेट वाळूचाच साचा छापायची. पॅटर्नची गरजच उरली नाही. भाग्यश्रीला हे ठाऊक होतं, तिनेच त्यावर एक टिपण लिहिलं होतं. आनंदाला तिने विचारलंही होतं. तो म्हणाला होता, आमच्या मालकाला अजून लाकूडच लागतं. तिने ते मान्य केलं होतं. आकड्यांच्या बाबतीत ती एवढ्यावर कधी थांबली नसती.

क-७ मधल्या माणसांचा नकाशावरचा सगळ्यात दाट ठिपका एका मोठ्या दवाखान्यावर होता. बाह्यरुग्ण विभागाचा लांबलचक हॉल, चाळीसेक बाकं, पंखे, पिण्याच्या पाण्याचा नळ. रुग्णांची गर्दी औषधाच्या खिडकीशी आणि डॉक्टरांच्या दारांशी होती. मागच्या बाकांवर मात्र माणसं नुसती बसलेली होती. बहुतेक पुरुष, दोन बायकाही. स्वच्छ कपडे, पायाशी डब्याची पिशवी, हातात केसपेपर. एकमेकांत सोडलेल्या अंतरावरून कळत होतं की ती रोज एकमेकांना बघतात आणि कधी बोलत नाहीत.

“हितं कुणी विचारत न्हाई का बसलायसा म्हणून,” मुजावर हळूच म्हणाले. “ही माणसं डाक्टरची वाट बघत न्हाईत, मॅडम. संध्याकाळची बघत्यात.”

भाग्यश्रीने टॅबलेट उघडला आणि बाकं मोजायला लागली. सहाव्या बाकाच्या टोकाला खिडकीजवळ आनंदा बसला होता.

तिला पहिल्यांदा वाटलं तो आजारी आहे. तिला बघून तो चटकन उभा राहिला आणि त्याच्या तोंडून निघालं, “भागे, काय झालं तुला? बरं न्हाई का?”

“मला काही नाही. तुला काय झालंय?”

“पोटात जरा... दाखवून जावं म्हटलं.” त्याने केसपेपर पुढे केला. तिने तो घेतला. कडा मऊ पडलेल्या, घडीवर फाटत आलेला. वरची तारीख ऑक्टोबरची होती. तिचे डोळे तारखेवर गेले हे त्याने पाहिलं आणि केसपेपर तिच्या हातातून परत काढून घेतला.

मुजावर पाण्याच्या नळाकडे निघून गेले.

“किती महिने, दादा?”

“अकरा.” तो बसला. ती त्याच्या शेजारी बसली. “फंडाचं मिळाल्यालं. त्यातनं दर महिन्याला पगार म्हणून तुझ्या वहिनीच्या हातात देतो. पहिल्यांदा वाटलं, महिन्याभरात दुसरीकडं लागंल, मग सांगू. मग सांगायचं राहून गेलं. दोन महिन्यांनी सांगितलं तर विचारणार, दोन महिनं कुठं होतास. आता अकरा झालं.” तो समोरच्या औषधाच्या खिडकीकडे बघत बोलत होता. “परवा तुझा आकडा आला न्हवं? दहा वाजता हितं सगळी आपापल्या फोनकडं बघत हुती. नऊच्या वर जाणार, कामं निघणार असं बातम्यांत चाललं हुतं महिनाभर. सात पॉइंट एक आला. त्या पलीकडच्या बाकावर एक चौगुले म्हणून बसायचा, लेथवरचा टर्नर. कधी बोलायचा न्हाई, त्या दिवशी बोलला. म्हणाला, समद्यास्नी काम हाय, म्हंजे खोट आपल्यातच हाय. दुसऱ्या दिवसापासनं तो आलाच न्हाई.”

“कुठे गेला?”

“घरात झोपून असतो म्हणं. भिंतीकडं तोंड करून.” मग आनंदा म्हणाला, “मलाबी तसंच वाटलं, भागे. बरं वाटलं की लोकांस्नी काम हाय. आणि मग वाटलं, मी एकटाच कसा काय राहिलो?”

भाग्यश्रीला आकड्याचं खरं त्या वेळी सांगता आलं असतं. ती “आलेच” म्हणून उठली आणि दवाखान्याच्या आवारात जाऊन तिने खानविलकरांना फोन लावला. यंत्र बरोबर आहे, आजच दुरुस्ती काढा, असं ती एका दमात म्हणाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“नियम एकोणीस बघा. जाहीर झालेला आकडा मागे घ्यायला पडताळणीचा पुरावा लागतो. वर्गातल्या शंभरातल्या एकाचं स्वतःच्या सहीचं निवेदन, की घरून मिळालेलं उत्तर चुकीचं आहे. कोल्हापुरात एकतीस हजार असतील तर तीनशे दहा सह्या आणा. मी स्वतः दुरुस्ती काढतो.”

“पण त्या निवेदनाची प्रत घरी जाते, सर.”

“घरचं उत्तर बदलायचं म्हणजे जाणारच.”

“मग कोण देईल?”

हे खानविलकरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे तिला त्या शांततेत कळलं. आणि हा नियम तिलाही पाठ होता, हे त्याच्या मागोमाग.

“सर, माझा भाऊ आहे त्यात,” ती म्हणाली.

“अरेरे,” खानविलकर म्हणाले. मनापासून म्हणाले. “मला माहीत असतं तर...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. ते पुरं केलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार दोघांनीही केला असावा.

साडेपाचला आनंदा घरी निघाला तेव्हा ती त्याच्याबरोबर चालत निघाली. तो म्हणत होता, शुभाला सांग की पुण्याहून आत्ताच येतेस, मी तुला स्टँडवरून घेऊन आलो. नवऱ्याने बायकोला सांगायचं खोटं तो आता बहिणीला पढवत होता, आणि ते त्याला फार सराईतपणे जमत होतं.

उद्यमनगरच्या वळणावर ती थांबली. “दादा, तो आकडा नऊ पॉइंट चार होता.”

त्याला कळलं नाही. तिने सगळं सांगितलं. क-७, नियम चौदा, रकाना. शेवटी म्हणाली, “सही माझी होती.”

एक टेम्पो गेला, आनंदाने तोंडासमोरची धूळ हाताने उडवली. “म्हंजे मी कामावर हाय,” तो म्हणाला.

“कागदावर.”

“मी त्यात हाय हे तुला ठावं न्हवतं.”

“नव्हतं.” तिला तिथेच थांबता आलं असतं. “पण कुणीतरी आहेत हे ठाऊक होतं, दादा. चौगुले असेल, आणखी कुणी असेल, हे ठाऊक होतं.”

त्याने मान हलवली, एखादं माप ऐकून घ्यावं तशी. मग तिने नियम एकोणीसही सांगितला, सह्या, घरी जाणारी प्रत, सगळं. “मी तुला सही कर असं म्हणत नाही,” ती म्हणाली.

“तू म्हणूबी नकोस,” आनंदा म्हणाला. आवाज वर गेला नव्हता. “तुझा तेवढा हक्क ऱ्हायला न्हाई आता. मी काय करायचं ते मी बघतो.”

घरी गेल्यावर तो चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेला आणि दार लोटून घेतलं. भाग्यश्री बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली. भाची कॉलेजातून यायची होती. आतून आधी फक्त आनंदाचा आवाज येत होता, सलग आणि खालच्या पट्टीत. मग एक भांडं आपटल्याचा आवाज.

शुभांगी वहिनी बाहेर आली तेव्हा तिचे हात पिठाचे होते. रडलेली नव्हती.

“वन्सं, हे अकरा महिनं दवाखान्यात बसालेत,” ती म्हणाली. “हे तुमच्या यंत्राला ठावं हुतं?”

“यंत्राला नाव माहीत नसतं, वहिनी.”

“नाव ऱ्हाऊ दे. माणूस बसलाय हे ठावं हुतं?”

“हो.”

“आणि तुमालाबी?”

“हो.”

“म्हंजे यंत्राला ठावं, पुण्यात तुमाला ठावं. आणि मी हितं रोज साडेपाचला उठून त्यांच्या डब्याला भाकरी थापालोय.” तिने हातांकडे बघितलं. “तुमचा तो माणूस आल्ता की दारात. मुजावर. मीच सांगितलं त्याला, कामावर गेलेत. लई ऐटीत सांगितलं. आजूबाजूची सगळी घरात बसलीत, आमचं गेलेत.”

भाग्यश्री काहीतरी बोलायला गेली. वहिनी म्हणाली, “चहा ठेवते,” आणि आत गेली.

त्या घरात पुढे काय बोलणं झालं ते भाग्यश्रीला कधी कळलं नाही. ती विश्रामगृहावर परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती मुजावरांबरोबर दवाखान्याच्या हॉलमध्ये पोचली, तर आनंदा दारातच उभा होता. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या हातात डब्याची पिशवी नव्हती. त्याने तिच्याकडे निवेदनाचा फॉर्म मागितला, भिंतीला टेकवून भरला आणि सही केली. अक्षर रेखीव होतं, पॅटर्नवर नंबर घालताना काढायचा तसंच. मग तो फॉर्म तिला न देता तो मागच्या बाकांकडे गेला.

“ऐका जरा,” तो म्हणाला. कुणी वर बघितलं नाही. “मी आनंदा सुतार. पॅटर्नमेकर. अकरा महिनं मला काम न्हाई. काल घरात सांगितलं.”

आता सगळ्यांनी बघितलं आणि लगेच खाली बघितलं.

“ही माझी बहीण हाय. तो आकडा हिच्या खात्यातनं येतो. ती तुमास्नी काय ते सांगंल.”

तो बाजूला झाला. त्याने तिची बाजू घेतली नाही, ओळख तेवढी करून दिली. भाग्यश्रीने परिषदांतून शेकडो लोकांपुढे भाषणं केली होती. इथे चाळीस माणसांपुढे तिला पहिलं वाक्य सापडेना.

“तुम्ही एकतीस हजार आहात,” ती शेवटी म्हणाली. “या एका जिल्ह्यात. या हॉलसारख्या जागा मी नकाशावर एकशे बारा मोजल्यात. तुमच्यापैकी प्रत्येकाला वाटतंय आपणच एकटे राहिलो. तसं नाही. जिल्ह्याचा खरा दर नऊ पॉइंट चार होता आणि कामं निघायला हवी होती. तो सात पॉइंट एक मी केला. तुम्हाला कामावर आहे असं धरून.”

हॉलच्या दुसऱ्या टोकाला कंपाउंडर नंबर पुकारत होता.

“एकतीस हजार?” एक माणूस म्हणाला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्याने शेजारच्याकडे बघितलं. शेजारच्याने त्याच्याकडे. “तुमीबी?” त्याने विचारलं, जणू इतके दिवस एका बाकावर बसून हे त्याला आत्ताच समजत होतं. दुसरा म्हणाला, “नव्वद दिवस झालं. मशीन शॉप.” मागच्या बाकावरची एक बाई डोळ्यांना पदर लावून हसायला लागली आणि तिला ते थांबवता येईना.

मग पांढऱ्या शर्टाचा माणूस उठून भाग्यश्रीसमोर आला. “मॅडम, सही तुमची हुती?”

“हो.”

“कुणी करायला लावली?”

“कुणी नाही.”

तो तिच्याकडे बघत राहिला. ती शिव्यांची वाट बघत होती, त्या आल्या असत्या तर तिने घेतल्या असत्या. त्याने हात पुढे करून फॉर्म मागितला, स्वतःच्या खिशातलं पेन काढलं, सही केली आणि फॉर्म मुजावरांच्या हातात दिला. तिच्या हातात नाही.

तीनशे दहा सह्या व्हायला नऊ आठवडे लागले. बऱ्याच जणांनी फॉर्म घेतला आणि परत आणला नाही. चौगुलेच्या घरी आनंदा चार वेळा गेला, चौथ्या वेळी त्याने सही केली. तोपर्यंत निवडणुका होऊन गेल्या होत्या. खानविलकरांनी शब्द पाळला. मे महिन्याच्या अहवालात पान क्रमांक दोनशे सहावर, तळटिपेत, दुरुस्ती छापली. ती एका वार्ताहराने शोधून काढली, मग चौकशी समिती नेमली गेली. खानविलकर मुदतीआधी निवृत्त झाले. भाग्यश्रीच्या दोन वेतनवाढी रोखून तिला मुख्य गणक पदावरून काढलं. तिला ती शिक्षा कमी वाटली, पण हे बोलून दाखवण्यातही स्वतःचा मोठेपणा आहे असं वाटून ती गप्प राहिली. कामं निघाली ती चौकशी आटोपल्यावर, ऑगस्टमध्ये. आनंदाला शाळांची दारं-खिडक्या दुरुस्त करायच्या तुकडीत घेतलं. काम सहा महिन्यांचंच होतं.

सप्टेंबरच्या एका रविवारी ती कोल्हापूरला गेली. आनंदा घरी होता, भाचीही. जेवायला सगळी एकत्र बसली. बोलणं शाळांच्या चौकटींवर, वाळवी लागलेल्या लाकडावर चाललं होतं. आनंदा हसतही होता. भागे म्हणून त्याने तिला अजून हाक मारली नव्हती, नावाशिवायच बोलत होता.

वहिनी वाढत होती. भाग्यश्रीच्या ताटात आमटी घालताना ती थांबली.

“वन्सं, एक विचारू? राग न्हाई यायचा न्हवं?”

“विचारा की.”

“तुमी त्या दिवशी दवाखान्यात ह्यांना बघितलं नसतं, दुसराच कोण बसला असता त्या बाकावर, तर तो आकडा तुमी सुधारला असता?”

आनंदा जेवायचा थांबला. त्याने वहिनीला गप्प केलं नाही.

भाग्यश्रीच्या मनात उत्तरं तयार होती. पडताळणी चालूच होती. अहवाल लिहिणारच होते. पुढच्या महिन्यात नक्की. समितीपुढे यातलं एक तिने जवळजवळ दिलंही होतं. तिने मान वर केली. वहिनीचा चेहरा रागाचा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“नाही,” भाग्यश्री म्हणाली. “नसता सुधारला.”

वहिनीने मान हलवली. पळी परत भांड्यात बुडवली.

“अजून घालू?” तिने विचारलं.